निकालाची ‘नकल’ कशी झाली?

निकालाचा दिवस म्हटला की तुमच्या छातीत धडधड सुरू होते. २०२३ च्या उन्हाळ्यात मात्र निकालाच्या दिवशी माझ्याच छातीत धडधड झाली. ती हकीकत मी तुम्हांला आधी सांगतो. मग तिच्यामागचे कारण आपण समजून घेऊ.

आमच्या शाळेतील बरेच पालक यंत्रमागावर पाळीने काम करतात. निकाल घेण्यासाठी शाळेत यायचे म्हणजे एक पाळी बुडते आणि त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून त्या वर्षी शाळेने ठरवले, की गुणपत्रक पालकांच्या फोनवरच मिळावे. आमचा एक माजी विद्यार्थी तेव्हा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने हौसेने शाळेसाठी एक संकेतस्थळ तयार केले. वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाचे गुणपत्रक संगणकावर तयार करायचे, त्या फाइलला ‘निकाल’ असे नाव द्यायचे आणि ती संकेतस्थळावर चढवायची. पालकांनी फोनवर दुवा दाबला, की फाइल त्यांच्या फोनमध्ये उतरेल. फाइल चढवण्याला ‘अपलोड’ म्हणतात आणि उतरवून घेण्याला ‘डाउनलोड’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

येथे ‘दुवा’ या शब्दाकडे थोडे लक्ष द्या. उर्दूत ‘दुआ’ म्हणजे प्रार्थना. मराठीतही ‘गरिबाचा दुवा घ्यावा’ असे आपण म्हणतो. पण मराठीत ‘दुवा’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. दोन गोष्टींना जोडणारी कडी म्हणजे दुवा. संगणकाच्या पडद्यावर ज्या शब्दांना बोट लावले असता दुसरे पान किंवा फाइल उघडते, त्या शब्दांना आता दुवा म्हणतात.

सकाळी दहा वाजता निकाल लागला. दुपारी बाराच्या सुमारास सातवीतील एका मुलीचे वडील घामाघूम होऊन शाळेत आले. पाळी सोडून ते तसेच निघाले होते. त्यांनी माझ्यापुढे फोन धरला आणि हळू आवाजात विचारले, “सर, माझ्या मुलीने परीक्षेत नकल केली का? शाळेने तसे लिहून पाठवले आहे. ती घरी रडते आहे. मी तिला काय समजावू?”

मी फोनकडे पाहिले. उतरलेल्या फाइलचे नाव खरोखरच ‘नकल’ असे होते. फाइल उघडली, तर आत त्या मुलीचे गुणपत्रक होते आणि ते अगदी बरोबर होते. तिला ‘अ-१’ श्रेणी मिळाली होती. मराठीत आपण ‘नक्कल’ म्हणतो आणि उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘नकल’ म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत त्या शब्दाचा अर्थ एकच होतो. दुसऱ्याचे पाहून लिहिणे. त्या बापाच्या मनाला काय वाटले असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

मी त्यांना खुर्चीवर बसवले, पाणी दिले आणि सांगितले, “तुमच्या मुलीने काहीही वाईट केलेले नाही. ही चूक यंत्राची आहे.” एवढे बोललो खरा, पण यंत्राने ही चूक का केली, हे मलाही ठाऊक नव्हते. मी इतर मुलांच्या फाइली पाहिल्या. प्रत्येक फाइलचे नाव ‘नकल’ असेच झाले होते. मी त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो संध्याकाळी शाळेत आला. त्याने फळ्यावर लिहून मला जे समजावले, तेच मी आता तुमच्यासाठी लिहितो आहे.

आधी त्याने कोणते साधन वापरले होते ते पाहू. संकेतस्थळ तयार करताना प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून लिहावी लागत नाही. सुतार दरवाजा बसवण्यापूर्वी चौकट उभी करतो. तशीच संकेतस्थळासाठी तयार चौकट मिळते. आपल्या विद्यार्थ्याने ‘जँगो’ नावाची चौकट वापरली होती. ती ‘पायथन’ या संगणकभाषेत लिहिलेली आहे. पायथन भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ साली ती लोकांसाठी खुली केली.

जँगोचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत होते. वर्तमानपत्राचे काम घाईचे असते. आज ठरवलेले पान उद्या वाचकांपुढे यावे लागते. म्हणून २००३ साली त्यांनी आपल्या कामासाठी ही चौकट तयार करायला सुरुवात केली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांना मोफत देण्यात आली. चौकटीला नाव दिले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. १९२८ साली लागलेल्या आगीत या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. तरी त्याने वादन सोडले नाही. उरलेल्या बोटांनी वाजवण्याची नवी पद्धत त्याने शोधली आणि तो जगप्रसिद्ध झाला.

आता फाइल कशी चढते ते पाहू. संकेतस्थळावरचा अर्ज, म्हणजे फॉर्म, सुरुवातीला फक्त अक्षरे पाठवू शकत असे. नाव, गाव, वय एवढेच. अर्जासोबत फाइल पाठवण्याची रीत १९९५ साली ठरली. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी तिचा मसुदा लिहिला होता. या रीतीत अर्जाचे अनेक भाग पाडतात आणि दोन भागांमध्ये एक ठरावीक खुणेची ओळ घालतात. एका भागात नाव, दुसऱ्यात वर्ग, तिसऱ्यात फाइल. आपण टपालाने पाठवताना एका मोठ्या पाकिटात लहान लहान पाकिटे घालतो, तसेच हे आहे. अर्ज ‘अनेक भागांचा’ आहे, हे आधी सांगावे लागते. ते सांगायचे राहिले, तर फाइलचे फक्त नाव पोहोचते आणि फाइल घरीच राहते. नवे शिकणारे ही चूक हमखास करतात.

फाइल पोहोचली की जँगो ती हातात घेते. फाइल अडीच एमबीपेक्षा लहान असेल, तर ती थोडा वेळ संगणकाच्या स्मरणातच राहते. त्याहून मोठी असेल, तर ती एका तात्पुरत्या जागी लिहून ठेवली जाते. नंतर ती कायमच्या जागी जाते. ही कायमची जागा कोणती, ते संकेतस्थळ तयार करणारा ठरवतो. त्यासाठी ‘अपलोड-टू’ नावाची सूचना असते. तेथे तारखेप्रमाणे कप्पे करता येतात. हवे तर स्वतःचा नियमही लिहिता येतो. आपल्या विद्यार्थ्याने नियम लिहिला होता, की प्रत्येक इयत्तेचा एक कप्पा आणि त्यात प्रत्येक हजेरी क्रमांकाचा एक कप्पा असावा. म्हणून एकाच नावाच्या शेकडो फाइली असूनही त्यांची सरमिसळ झाली नाही. एकाच कप्प्यात त्याच नावाची दुसरी फाइल आली, तर जँगो जुनी फाइल पुसत नाही. ती नव्या फाइलच्या नावाला एक रेघ आणि सात अक्षरे जोडून वेगळे नाव देते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. माहितीच्या तक्त्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, फाइल ठेवली जात नाही. तेथे फक्त तिचा पत्ता लिहिलेला असतो. फाइल कपाटात असते आणि नोंदवहीत कपाटाचा क्रमांक असतो, तसेच हे.

आता मुख्य प्रश्न. ‘निकाल’ची ‘नकल’ कशी झाली?

फाइल ठेवण्यापूर्वी जँगो तिचे नाव साफ करते. नावात मोकळी जागा असेल, तर तेथे खाली रेघ घालते. अक्षरे, अंक, रेघा आणि टिंब सोडून इतर सर्व चिन्हे ती गाळून टाकते. हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. समजा, एखाद्या लबाड माणसाने फाइलच्या नावात तिरक्या रेघा आणि टिंबे अशा रीतीने घातली, की ती फाइल ठरलेला कप्पा सोडून भलत्याच कप्प्यात जाईल. मग तो संकेतस्थळाच्या महत्त्वाच्या फाइलींवर स्वतःची फाइल लिहू शकेल. म्हणून दारावरच झडती घेतली जाते. रखवालदार असावाच लागतो.

पण या रखवालदाराला अक्षर कोणते आणि चिन्ह कोणते, हे कसे कळते? जगातील सर्व लिपींतील अक्षरांना क्रमांक देणारी एक पद्धत आहे. तिचे नाव ‘युनिकोड’. या पद्धतीत प्रत्येक खुणेचा वर्गही ठरवलेला आहे. काही खुणा अक्षरे आहेत, काही अंक आहेत, तर काही दुसऱ्या अक्षराला चिकटणाऱ्या खुणा आहेत. आपल्या देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण या सर्व तिसऱ्या वर्गात येतात. पायथनचा नियम असा, की शब्दात मोजायची ती अक्षरे, अंक आणि खालची रेघ. चिकटणाऱ्या खुणा त्यात धरलेल्या नाहीत. त्यामुळे जँगोची झडती सुरू झाली, की देवनागरी शब्दातील सर्व काने, मात्रा आणि वेलांट्या बाहेर फेकल्या जातात.

आता तुम्हीच वही घ्या आणि करून पाहा. ‘निकाल’ या शब्दातील पहिली वेलांटी काढा. मग काना काढा. काय उरले? न, क, ल. ‘नकल’! त्याच रीतीने ‘दाखला’ची ‘दखल’ होते. ‘अहवाल’ हा ‘अहवल’ होतो. ‘गुणपत्रिका’ तर ‘गणपतरक’ अशी ओळखूही येत नाही. ‘आई’ हा शब्द मात्र जसाच्या तसा राहतो; कारण ‘आ’ आणि ‘ई’ ही स्वतंत्र अक्षरे आहेत. ती कोणाला चिकटलेली नाहीत.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. उर्दू लिपीतील नावाचे काय होते? मीही हाच प्रश्न विचारला. आम्ही उर्दू लिपीत ‘नतीजा’ असे नाव देऊन एक फाइल चढवली. ती शाबूत राहिली. याचे कारण सोपे आहे. उर्दूतील जेर, जबर आणि पेश या खुणाही चिकटणाऱ्याच आहेत आणि त्याही गाळल्या जातात. पण रोजच्या लेखनात आपण त्या लिहीतच नाही. जे लिहिले नाही, ते गाळणार काय? देवनागरीत मात्र काना, मात्रा लिहिल्याशिवाय शब्दच होत नाही. इंग्रजी अक्षरांना अशा खुणा लागत नाहीत. म्हणून इंग्रजी नावे देणाऱ्यांना हा दोष कधी दिसतच नाही.

मग यावर उपाय काय? तो विद्यार्थी म्हणाला, “सर, आपल्या शाळेच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही आहे ना? तिच्यात या प्रश्नाचे उत्तर आहे.”

मला आधी काही कळले नाही. मग त्याने समजावले. कचेरीत अर्ज आला, की लेखनिक त्याला आवक क्रमांक देतो. नोंदवहीत क्रमांकापुढे अर्जाचा विषय लिहिलेला असतो. कागद क्रमांकाने लावले जातात. पण साहेबांना सांगताना लेखनिक क्रमांक सांगत नाही. “शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आहे,” असे तो सांगतो. म्हणजे एकाच कागदाला दोन ओळखी असतात. एक कपाटासाठी आणि दुसरी माणसांसाठी. आपण या दोन्ही ओळखी एकच केल्या, ही आपली चूक झाली.

त्याने पुढच्या दोन दिवसांत चार बदल केले.

पहिला बदल तक्त्यात केला. तेथे फाइलच्या पत्त्याशेजारी ‘मूळ नाव’ असा एक नवा रकाना ठेवला. शिक्षकांनी फाइल चढवली, की तिचे खरे नाव झडतीच्या आधीच या रकान्यात लिहून ठेवायचे. हा रकाना साध्या मजकुराचा असतो. त्यातून काना, मात्रा गाळल्या जात नाहीत. कपाटात ठेवताना मात्र फाइलला बत्तीस अंक-अक्षरांचे एक लांबलचक नाव द्यायचे. ते नाव संगणक चिठ्ठी टाकल्यासारखे स्वतःच निवडतो. त्यात फक्त अंक आणि इंग्रजी अक्षरे असल्यामुळे झडतीत काहीच गळत नाही.

दुसरा बदल शिक्षकांच्या पानावर केला. आधी चढवलेली फाइल बदलायची असेल, तर जँगो एक तयार चौकोन दाखवते. त्यात ‘सध्या’ या अर्थाचा इंग्रजी शब्द, त्यापुढे फाइलचा दुवा, मग ‘काढून टाका’ची चौकट आणि शेवटी ‘बदला’ असे असते. दुव्याच्या जागी फाइलचा सगळा पत्ता दिसतो. कोणता कप्पा, कोणता क्रमांक, सगळे काही. या तयार भागाचे नाव ‘क्लिअरेबल फाइल इनपुट’ असे आहे. तो मोडून टाकावा लागत नाही. त्याच्यावरून आपला एक नवा भाग तयार करता येतो. आई-वडिलांचे गुण मुलात येतात, तसे मूळ भागाचे सर्व गुण नव्या भागात येतात. आपण बदलू तेवढेच वेगळे होते. आपल्या विद्यार्थ्याने तीन इंग्रजी शब्दांच्या जागी ‘सध्याची फाइल’, ‘बदला’ आणि ‘काढून टाका’ असे मराठी शब्द घातले. मग त्या भागाचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, बदलून दुव्यावर लांब पत्त्याऐवजी मूळ नाव दिसेल असे केले.

या चौकोनाची एक गंमत सांगतो. एखाद्याने ‘काढून टाका’ यावर खूण केली आणि त्याच वेळी नवी फाइलही दिली, तर जँगो गोंधळात पडत नाही. दोन्हींपैकी एकच करा, असे ती स्पष्ट सांगते. आणि फाइल देणे सक्तीचे असेल, तर ‘काढून टाका’ची चौकट ती दाखवतच नाही.

तिसरा बदल फाइल उतरवण्याचा होता. दुव्यावर मूळ नाव दिसले, तरी फोनमध्ये उतरणाऱ्या फाइलला पत्त्यातील शेवटचे नाव मिळते. म्हणजे आता पालकांच्या फोनमध्ये बत्तीस अक्षरांचे विचित्र नाव दिसले असते. दुव्यालाच ‘डाउनलोड’ नावाचा गुण जोडून नाव सुचवता येते. पण त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे फाइल पाठवतानाच तिच्यासोबत नावाची चिठ्ठी पाठवणे. जँगोत त्यासाठी ‘फाइल रिस्पॉन्स’ नावाची सोय आहे. तिला दोन गोष्टी सांगायच्या. ही फाइल पानावर उघडायची नसून उतरवून घ्यायची आहे, ही पहिली. आणि तिचे नाव अमुक आहे, ही दुसरी.

ही चिठ्ठी फक्त इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागते. मग त्यावर ‘निकाल’ कसे लिहायचे? येथे एक युक्ती वापरतात. देवनागरीतील प्रत्येक खूण संगणकात तीन तुकड्यांनी साठवली जाते. प्रत्येक तुकडा टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन अंक-अक्षरे असा लिहितात. म्हणजे एका खुणेसाठी नऊ जागा लागतात. ‘निकाल’मध्ये न, वेलांटी, क, काना आणि ल अशा पाच खुणा आहेत. तेव्हा चिठ्ठीवर पंचेचाळीस जागा लागतात. पालकांचा फोन ती चिठ्ठी वाचतो आणि पुन्हा ‘निकाल’ असे नाव तयार करतो. जँगो हे सर्व आपोआप करते. आपण फक्त नाव सांगायचे.

चौथा बदल करण्याचे कारण दुसऱ्या दिवशी कळले. आठवीतील एक मुलगा माझ्याकडे आला. मान खाली घालून म्हणाला, “सर, मी पत्त्यातील चौदाच्या जागी पंधरा लिहिले. मला माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे गुण दिसले. त्याला गणितात फार कमी गुण आहेत. मी कोणाला सांगितले नाही.” त्याचा खरेपणा मला आवडला; पण मी हादरलो. नावाची चूक सर्वांना दिसली होती. ही चूक कोणालाच दिसली नव्हती आणि ती अधिक मोठी होती.

याचे कारण असे. चढवलेल्या फाइली साधारणपणे एका उघड्या कप्प्यात ठेवतात. पत्ता बरोबर असला, की संकेतस्थळाचा सेवक-संगणक तेथील फाइल थेट देऊन टाकतो. मागणारा कोण आहे, हे तो जँगोला विचारतही नाही. वर्गाचे छायाचित्र किंवा सुट्ट्यांची यादी असेल, तर त्याने काही बिघडत नाही. पण गुणपत्रक ही त्या मुलाची स्वतःची गोष्ट आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने गुणपत्रके उघड्या कप्प्यातून काढून बंद कप्प्यात ठेवली. आता दुवा थेट फाइलकडे जात नाही. तो आधी जँगोकडे जातो. जँगो पाहते, की मागणाऱ्याने आपले नाव आणि परवलीचा शब्द दिला आहे का. आणि हे गुणपत्रक त्याच्याच मुलाचे आहे का. दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तरच फाइल मिळते. नाहीतर ‘सापडले नाही’ एवढेच उत्तर मिळते. नाव बत्तीस अक्षरांचे असल्यामुळे अंदाजाने पत्ता शोधणेही कठीण झाले. पण नुसत्या कठीण नावावर विसंबून राहू नये, असे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. घराची किल्ली कितीही चांगली लपवली, तरी दाराला कुलूप हवेच.

या कामात दोन गोष्टी मी नव्याने शिकलो.

पहिली गोष्ट म्हणजे गळलेली वेलांटी परत आणता येत नाही. मला वाटले होते, संगणकाला सांगितले की तो सर्व ‘नकल’चे पुन्हा ‘निकाल’ करून देईल. पण ‘निकाल’, ‘निकाली’ आणि ‘नकली’ या तिन्ही शब्दांतील खुणा गाळल्या, तर ‘नकल’च उरते. नुसते ‘नकल’ पाहून मूळ शब्द कोणता होता, हे संगणकाने कसे ओळखावे? शेवटी आम्हां सर्व वर्गशिक्षकांना बसून प्रत्येक फाइल पुन्हा चढवावी लागली.

दुसरी गोष्ट अशी, की नवी फाइल चढवली म्हणून जुनी आपोआप नाहीशी होत नाही. तक्त्यातील पत्ता बदलतो. पण जुनी फाइल कपाटात तशीच पडून राहते. ती काढली नसती, तर जुन्या पत्त्यावर ‘नकल’ नावाची गुणपत्रके पुढेही कोणालाही मिळत राहिली असती. आमच्या विद्यार्थ्याने त्या सर्व फाइली शोधून पुसल्या. पुसण्यापूर्वी नव्या फाइली नीट आहेत याची दोनदा खात्री करून घेतली.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील रात्रपाळी करून नुकतेच उठले होते. मी त्यांना म्हटले, “आता दुवा पुन्हा दाबा.” त्यांनी फोन मुलीच्या हातात दिला. तिनेच दुवा दाबला. फाइल उतरली. तिने नाव मोठ्याने वाचले, “निकाल.” मग तिने मला विचारले, “सर, वेलांटी आणि काना कोठे गेले होते?”

तिला मी जे उत्तर दिले, ते तुम्ही आताच वाचले आहे. तिने ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे ज्याने नियम लिहिला, त्याला मराठी येत नव्हती.” मी म्हटले, “तसेच समज. त्याला आपली लिपी आठवली नाही.” त्यावर ती काही बोलली नाही. पण या वर्षी ती नववीत आहे आणि शाळेच्या संगणक कक्षात रोज मधल्या सुट्टीत येऊन पायथन शिकते आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अशीच कामे कराल. दवाखान्यातील तपासणीचे कागद, शेतकऱ्याचा सातबारा, कामगाराची पगारपावती, हे सर्व आता अशाच दुव्यांनी चढते आणि उतरते. दुवा तयार करताना तो एकदा आपल्या भाषेतील नाव देऊन तपासून पाहा. मराठीत नाव द्या, उर्दूत द्या. आणि एकदा पत्त्यातील अंक बदलूनही पाहा. काना-मात्रा जागेवर आहेत आणि परक्याला दार उघडत नाही, याची खात्री झाल्यावरच तो दुवा लोकांच्या हाती द्या.

स्वाध्याय

१. मुलीचे वडील पाळी सोडून शाळेत का आले?
२. ‘निकाल’ या नावातून कोणत्या खुणा गळल्या? त्या का गळल्या?
३. उर्दू लिपीतील ‘नतीजा’ हे नाव शाबूत का राहिले?
४. आवक-जावक नोंदवहीच्या उदाहरणातून लेखकाला काय समजले, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. आठवीतील मुलाने जे सांगितले, त्यामुळे कोणता दोष उघड झाला? तो कसा दूर केला?
६. पुढील शब्दांतील काना, मात्रा, वेलांटी, उकार काढून काय उरते ते लिहा : शाळा, दिवाळी, सातवी, ऊस.
७. ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य तयार करा.